निळा लाइट मारला, म्हणजे दातात भरलेलं सिमेंट तळापर्यंत कडक झालं?

"लाइट मारलात ना मॅडम, आता दगड झाला असणार!" सोलापुरात माझ्या खुर्चीवरून उठणारा जवळजवळ प्रत्येक जण हे म्हणतो आणि लगेच कडक भाकरी-शेंगा चटणीची परवानगी मागतो. समज जुना आहे: निळा उजेड पडला, वरून कडक लागलं, की काम फत्ते.

तसं नाही. दाताच्या रंगाच्या सिमेंटमध्ये बहुधा कॅम्फरक्विनोन असतं. ते साधारण ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषतं आणि रेझिनचे, म्हणजे सिमेंटमधल्या चिकट भागाचे, रेणू एकमेकांना जोडायला लावतं. पण खाली जाता जाता उजेड विरतो. म्हणून नेहमीचं सिमेंट २ मिलिमीटरच्या थरांनी भरायचं, प्रत्येक थराला वेगळा लाइट. बल्क-फिल, म्हणजे जाड थरात भरायच्या प्रकारात बहुधा ४ मिलिमीटरपर्यंत चालतं. परवाच एका दाढेतलं जुनं सिमेंट काढलं. वरचा थर ड्रिललाही दाद देईना. खाली मात्र प्रोब (दात तपासायची टोकदार सळई) मेणात रुतावी तशी रुतली, आणि कडेला कीड.

लाइटचा जोर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. टोकावर वाळलेल्या रेझिनचा ठिपका असो, टोक दूर किंवा तिरकं धरलेलं असो, निळं दिसतंच. दातात पोचतं कमी. त्यासाठी उजेडाचा जोर मोजणारा रेडिओमीटर हवा, आणि नारिंगी चष्मा लावून टोक शेवटपर्यंत जागेवर धरायला हवं.

सगळं नीट केलं तरी रेझिनचे सगळे बंध जुळत नाहीत. लाइट बंद झाल्यावरही ही जोडणी पुढचे काही तास हळूहळू चालू राहते. म्हणून आज मऊ भात खा, कडक भाकरी उद्या.