आइस कोअर आणि त्याचं लॅबमधलं काम

आइस कोअर म्हणजे हिमनदीत किंवा अंटार्क्टिका-ग्रीनलंडच्या बर्फात पोकळ ड्रिल घालून, तुकड्यातुकड्याने वर काढलेला बर्फाचा दंडगोल, जाडी साधारण १० सेंटिमीटर. दरवर्षीचा बर्फ आधीच्या बर्फावर बसतो, त्यामुळे जितकं खोल तितकं जुनं. अंटार्क्टिकात डोम सी इथे जवळपास ३२७० मीटर खोल जाऊन ८ लाख वर्षांची नोंद मिळाली.

मुंबईकराचा बर्फाशी संबंध ससून डॉकवरच्या लाद्या आणि गोळ्याच्या गाडीपुरताच, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला हे काम बघायचं तर रात्रीची कोकणकन्या पकडून मडगाव आणि तिथून वास्को, तिथे एनसीपीओआरमध्ये (राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र) उणे २० डिग्रीची कोल्ड लॅब आहे. बाहेर घामाच्या धारा आणि आत जाड जॅकेट, दोन-दोन ग्लोव्हज.

आत गेल्यावर पहिलं काम कापाकापीचं. बँडसॉवर कोअर उभा चिरतात, एक पट्टी आयसोटोपसाठी (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार), एक क्षार आणि धुळीसाठी, एक हवेसाठी, आणि एक भाग हात न लावता जपून ठेवायचा कारण उद्या मशीन सुधारलं तर परत मोजता यायला हवं. बाहेरची साल सरळ काढून टाकतात, तिला ड्रिलचं तेल आणि माणसांचे हात लागलेले असतात. घामातलं सोडियमसुद्धा रीडिंग बिघडवतं, म्हणून खरी मेहनत मोजण्यापेक्षा स्वच्छता सांभाळण्यातच जाते असं माझं मत.

मग वितळवलेल्या पाण्यात ऑक्सिजन-१८, म्हणजे ऑक्सिजनचा जड आयसोटोप, किती ते बघतात, ध्रुवाकडच्या बर्फात ते कमी निघालं की तो काळ थंड होता असं समजायचं, ही पद्धत डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी रुजवली. सल्फेट अचानक वाढलं की ज्वालामुखी, उदाहरणार्थ १८१५चा तांबोरा, आणि अशा खुणांवरून थरांची वर्षं पक्की करतात.

सगळ्यात भारी म्हणजे बुडबुडे, त्यांत जुन्या काळची हवा अडकलेली असते आणि ती मोजता येते. फ्रान्सच्या क्लोद लोरियस यांना ही कल्पना व्हिस्कीच्या ग्लासात टाकलेल्या जुन्या बर्फातून फुटणारे बुडबुडे बघून सुचली म्हणे! बर्फ व्हॅक्यूममध्ये चुरडून ती हवा काढतात. गंमत अशी की वरचे ६० ते १०० मीटर बर्फ सच्छिद्र असतो, हवा खेळती राहते आणि खूप उशिरा बंद होते, म्हणून बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान, कधी कधी हजारो वर्षांनी. या हवेत कार्बन डायऑक्साइड हिमयुगात १८० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १८० भाग) आसपास आणि उबदार काळात २८०-३०० दिसतो, आज तो ४२०च्या वर आहे.

साठवण हीच मोठी डोकेदुखी. एप्रिल २०१७मध्ये कॅनडात अल्बर्टा युनिव्हर्सिटीचा फ्रीझर बिघडला, आतलं तापमान ४० डिग्रीपर्यंत चढलं आणि कोअरचा सुमारे १३ टक्के साठा पाणी होऊन वाहून गेला.