माहीमच्या जत्रेत पहिली चादर पोलिसांची का?

डिसेंबरात माहीमची जत्रा सुरू होते ती पोलिस ठाण्यातून. माहीम ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक चंदनाचं आणि चादरीचं तबक डोक्यावर घेतात, पोलिसांचा बँड वाजू लागतो आणि मिरवणूक मखदूमबाबांच्या दर्ग्याकडे निघते. पहिला मान पोलिसांचा. मग दहा दिवस मुंबईच्या कानाकोपऱ्यांतून संदल, म्हणजे चंदन घेऊन येणाऱ्या मिरवणुका, येत राहतात. रस्त्यावर हलवा-पराठ्याच्या मोठमोठ्या कढया लागतात, समुद्राच्या बाजूला आकाशपाळणे फिरू लागतात. या गर्दीत सगळ्या धर्मांची माणसं असतात आणि बहुतेकांच्या लेखी बाबा म्हणजे नवसाला पावणारे संत.

पण ज्यांच्यासाठी हे सगळं चालतं ते मखदूम अली माहिमी मुळात लेखक होते. अरबी भाषेत लिहिणारे, कुराणावर भाष्य रचणारे, तत्त्वज्ञानाच्या अवघड वादात ठाम बाजू घेणारे विद्वान. मुंबईत जन्मलेल्या ज्या लेखकांची नावं आपल्याला माहीत आहेत, त्यांत इतका जुना दुसरा कोणी मला तरी आठवत नाही. त्यांच्याभोवतीच्या आख्यायिका आणि पोलिसांची ही प्रथा नीट पाहिली, तर त्यांचं खरं आयुष्य त्यातूनच डोकावतं असं मला वाटतं.

त्यांचा जन्म १३७२ चा. तेव्हा मुंबई नावाचं शहर नव्हतं, सात बेटं होती आणि त्यांत महत्त्वाचं ठाणं माहीमचं. ज्ञानेश्वरी पूर्ण होऊन ऐंशी-एक वर्षं झाली होती. मखदूम अलींचं घराणं नवायत, म्हणजे अरबस्तानाकडून समुद्रमार्गे येऊन कोकण किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या व्यापारी लोकांपैकी. इस्लामी धर्मशास्त्राच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत. उत्तर हिंदुस्थानातले बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेतले, तर कोकणी मुसलमान शाफई. हा फरक पडला तो समुद्रामुळे. कोकणात धर्मविद्या दिल्लीमार्गे आली नाही, ती गलबतांतून आली. माहिमींचं शास्त्रही शाफईच.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे ‘तब्सीर अल-रहमान’ हे कुराणावरचं भाष्य. हिंदुस्थानात रचलेल्या अरबी भाष्यांमध्ये ते अगदी सुरुवातीच्या काळातलं आणि मानाचं समजलं जातं. कुराणाचे अध्याय आणि त्यातल्या ओळी सुट्या नाहीत, एकीतून दुसरी निघते, हे दाखवणं हा त्यांचा ध्यास. एका गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं. एक अध्याय सोडला तर कुराणाचा प्रत्येक अध्याय ‘बिस्मिल्ला’ने, म्हणजे अल्लाचं नाव घेणाऱ्या ओळीने, सुरू होतो. शब्द प्रत्येक वेळी तेच. माहिमी मात्र त्या ओळीचा अर्थ दर वेळी त्या-त्या अध्यायाच्या विषयाला धरून वेगळा उलगडतात. शंभराहून अधिक वेळा तीच ओळ हाताळायची आणि एकदाही तोच अर्थ पुन्हा लिहायचा नाही, याला किती चिंतन लागलं असेल! एकोणिसाव्या शतकात हा ग्रंथ कैरोत छापला गेला. स्पेनमध्ये जन्मलेल्या इब्न अरबी या सूफी विचारवंताच्या ‘फुसूस अल-हिकम’ या ग्रंथावरही त्यांनी भाष्य लिहिलं. सारं अस्तित्व एकच आहे, या इब्न अरबींच्या मतावरून इस्लामी जगात शतकानुशतकं वाद झाले. माहीममध्ये बसून माहिमींनी त्या मताची बाजू घेतली.

एवढी विद्या या बेटावर राहून कुठून आली, हा प्रश्न लोकांना पडणारच. त्याचं उत्तर आख्यायिकेनं दिलं. वडील गेल्यावर मुलाला शिकायला दूरदेशी जायचं होतं, पण त्याला पाठवायला आईचं मन होईना. मग समुद्रकिनाऱ्यावर त्याला ख्वाजा खिज्र भेटले आणि रोज तिथेच शिकवू लागले. खिज्र म्हणजे अमर मानले गेलेले, हिरव्या रंगाशी आणि पाण्याशी जोडलेले, वाट चुकलेल्यांना वाट दाखवणारे गुरू. दर्यावर्दी लोकांचा त्यांच्यावर विशेष भरवसा. गलबतांवर जगणाऱ्या समाजानं आपल्या विद्वानाला गुरू दिला तोही पाण्यातलाच.

दुसरी आख्यायिका माहीममध्ये घरोघर सांगितली जाते. रात्री आईनं पाणी मागितलं. मुलगा पेला घेऊन आला तोवर तिचा डोळा लागला होता. झोपमोड नको म्हणून तो पेला हातात धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. जाग आल्यावर आईनं त्याच्यासाठी दुवा मागितली आणि त्यातूनच त्याला मोठेपण आलं. विटेवर उभ्या राहिलेल्या विठ्ठलाची आणि आईबापांचे पाय चेपणाऱ्या पुंडलिकाची गोष्ट ज्यांच्या रक्तात आहे, त्या मराठी माणसाला ही कथा परकी वाटण्याचं कारणच नाही. आईची कबरही दर्ग्यात त्यांच्या कबरीशेजारीच आहे.

आता पोलिसांकडे वळू. त्यांच्या मानाबद्दल दोन-तीन कथा ऐकू येतात. शेवटच्या घटकेला बाबांना एका शिपायानं पाणी पाजलं, ही एक. पोलिस तस्करांच्या मागावर असताना बाबांनी त्यांना वाट दाखवली, ही दुसरी. आजचं माहीम पोलिस ठाणं बाबांच्या राहत्या जागेवर उभं आहे, अशीही श्रद्धा आहे आणि मिरवणूक तिथून निघते ती त्यामुळेच. ठाण्यात बाबांच्या मानल्या जाणाऱ्या वस्तू एका कपाटात जपलेल्या असून ते वर्षातून एकदाच उघडतात, असंही सांगतात.

पहिली कथा शब्दशः घेतली तर काळाचा मेळ बसत नाही. बाबा गेले १४३१ मध्ये, आणि मुंबईला पहिला पोलिस आयुक्त, फ्रँक सूटर, मिळाला १८६४ मध्ये. मधे चार शतकांहून जास्त अंतर आहे. पण म्हणून कथा टाकून द्यावी असं मला वाटत नाही. कारण मखदूम अली नुसते ग्रंथकार नव्हते, गुजरातच्या सुलतानांच्या अमलात ते माहीमचे काझी होते. तंटे त्यांच्यापुढे येत, निवाडा ते देत. त्या काळी माहीमचा ताबा ही साधी बाब नव्हती. गुजरातचा अहमदशहा आणि दख्खनचे बहमनी यांच्यात या किनाऱ्यासाठी लढाया झाल्या, त्याही बाबांच्या अखेरच्या वर्षांतच. अशा धामधुमीत न्यायाच्या जागी बसलेला माणूस लोकांच्या लक्षात कायदा राखणारा म्हणूनच राहणार. पुढे कचेऱ्या बदलल्या, गणवेश आले, आणि काझीच्या आठवणीत शिपाई शिरला. पोलिसांच्या मानामागे मला पटणारं कारण हे आहे.

या प्रथेचा विचार करताना आणखी एक नाव हटकून आठवतं, एस. एम. एडवर्ड्‌स यांचं. १९०९-१० मध्ये प्रसिद्ध झालेलं मुंबई शहराचं तीन खंडी गॅझेटिअर, म्हणजे शहराची सरकारी माहिती देणारा ग्रंथ, त्यांनी सिद्ध केलं आणि १९०९ पासून ते शहराचे पोलिस आयुक्तही होते. शहराच्या पीर, देवळं, जत्रा यांची बारकाईनं दखल घेणारा माणूसच पोलिसांचा प्रमुख होता, असा तो काळ.

जत्रेच्या दिवसांचंही असंच आहे. हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे हिजरी तिथीला बांधलेला उरूस तेहतीस-एक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. माहीमची जत्रा मात्र डिसेंबर सहसा सोडत नाही. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या सुमारास ती भरते, म्हणजे दत्तजयंतीच्या आगेमागे. पाऊस कधीच सरलेला असतो, समुद्र शांत असतो. इथल्या लोकांनी आपल्या बाबांची जत्रा इथल्या ऋतूला जोडून घेतली.

सत्ता मात्र भराभर बदलत गेल्या. १५३४ मध्ये ही बेटं पोर्तुगीजांकडे गेली, १६६५ मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला. दर्गा टिकला, वाढत गेला. जे. जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटकडे जाणारा सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल २००२ मध्ये खुला झाला, त्यालाही कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचं नाव आहे. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि बोलताना सगळे त्याला जे. जे. फ्लायओव्हरच म्हणतात. पुलाला नाव मिळालं याचा आनंद आहेच. पण त्यांच्या भाष्यातला एखादा उतारा चांगल्या मराठीत, टिपांसह, आपल्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांपर्यंत पोहोचायला हवा. मुंबईच्या साहित्याचा इतिहास शिकवताना सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या छापखान्यांपासून होते. ती माहीमच्या या काझीपासून व्हावी, असं मला मनापासून वाटतं.