गिटार अ‍ॅम्प्लिफायरची डिजिटल प्रोफाइल : नावामागची साखळी

डिजिटल प्रोफाइल म्हणजे खऱ्या यंत्रांच्या आवाजाची नोंद घेऊन त्याची नक्कल करणारी फाइल. अशा प्रोफाइलच्या संग्रहात नजर प्रथम जाते ती अ‍ॅम्प्लिफायरच्या नावावर, आणि बहुतेकदा निवडही त्या नावावरूनच होते. प्रत्यक्षात प्रोफाइलमध्ये साठवलेले असते ते अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, मायक्रोफोन अशा एका संपूर्ण साखळीचे, तिच्यातील प्रत्येक नॉब ठरावीक जागी असतानाचे वर्तन. अ‍ॅम्प्लिफायर हा त्या साखळीचा एक भाग असतो, आणि कधी कधी तर तो सर्वांत निर्णायक भागही नसतो. प्रोफाइलवर दिसणारी ‘डायरेक्ट’, ‘स्टुडिओ’, ‘फुल रिग’ (म्हणजे सारी साखळी) यांसारखी लेबले या साखळीविषयीच सांगत असतात. ती कशी रूढ झाली हे समजण्यासाठी डिजिटल तंत्राच्याही मागे जावे लागते.

१९५०च्या दशकात फेंडर कंपनीने बासमन हा अ‍ॅम्प्लिफायर बास गिटारसाठी बनवला होता, पण साध्या गिटारवादकांनीही तो आपलासा केला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेटीएम४५ तयार केला, तेव्हा त्याचे सर्किट जवळजवळ बासमनवरूनच उचललेले होते. तरीही दोहोंचा आवाज एकसारखा नव्हता. बासमनमध्ये मागून उघड्या खोक्यात दहा इंची चार जेन्सन स्पीकर होते, तर मार्शलचा अ‍ॅम्प्लिफायर बारा इंची चार सेलेस्टियन स्पीकर असलेल्या बंद कॅबिनेटवर वाजू लागला. ट्रान्सफॉर्मर आणि पुढे पॉवर ट्यूबही (सिग्नलला स्पीकर चालवण्याइतकी शक्ती देणाऱ्या निर्वात नळ्या) वेगळ्या आल्या. सर्किट जवळजवळ तेच, तरी नावे दोन आणि आवाजाच्या परंपराही दोन. प्रोफाइल निवडणाऱ्याने एवढी एक घटना ध्यानात ठेवली, तर स्पीकरची आणि मायक्रोफोनची माहिती न देता केवळ अ‍ॅम्प्लिफायरचे नाव मिरवणाऱ्या प्रोफाइलकडे तो आपोआपच थोड्या संशयाने पाहील.

अ‍ॅम्प्लिफायरविना त्याचा आवाज मिळवण्याचे पहिले यशस्वी प्रयत्न डिजिटल नव्हते. १९८९मध्ये टेक २१ कंपनीने आणलेला सॅन्सअ‍ॅम्प हा पेडल पूर्णपणे अ‍ॅनालॉग होता. १९९५मध्ये रोलँडच्या व्हीजी-८ने डिजिटल मॉडेलिंग गिटारवादकांपर्यंत नेले, आणि १९९८मध्ये आलेल्या लाइन ६च्या पॉडने ते घराघरांत पोहोचवले. २००६मध्ये फ्रॅक्टल ऑडिओच्या अ‍ॅक्स-एफएक्सने तेच तंत्र व्यावसायिक मंचाच्या तोडीचे केले. या साऱ्या पद्धतीत अभियंता सर्किटचा अभ्यास करून त्यातील टप्प्यांचे गणित मांडतो, त्यामुळे नॉब फिरवला की मूळ यंत्राप्रमाणे आवाज बदलावा अशी सोय त्यात करता येते. याच काळात आणखी एक रीत पडली. व्यापारचिन्हांच्या अडचणीमुळे मूळ नावे टाळून ‘ब्रिट’सारखी (ब्रिटिश, म्हणजे मार्शल) सूचक नावे दिली जाऊ लागली, आणि आजच्या प्रोफाइलच्या याद्यांमध्येही ही सांकेतिक भाषा टिकून आहे.

दरम्यान स्पीकर आणि कॅबिनेटचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. सर्वसाधारण आवाजाच्या पातळीवर स्पीकर बऱ्याच अंशी रेषीय वागतो, म्हणजे आत जाणारा सिग्नल दुप्पट केला तर बाहेर येणाराही जवळपास दुप्पट होतो. अशा यंत्रणेचे वर्तन इम्पल्स रिस्पॉन्स या एका छोट्या ध्वनिफायलीत पकडता येते. अँजेलो फरिना यांनी २०००मध्ये मांडलेल्या स्वीप पद्धतीमुळे (खर्जापासून उंच पट्टीपर्यंत सलग चढणारा स्वर वाजवून मोजण्याच्या पद्धतीमुळे) ही मोजणी अधिक अचूक आणि सोपी झाली. अ‍ॅम्प्लिफायर मात्र या पद्धतीत बसत नाही, कारण डिस्टॉर्शन, म्हणजे त्याच्या आवाजाला येणारा खरखरीतपणा, हाच रेषीयतेचा भंग. तार हळू छेडली तर एक आवाज येतो आणि जोरात छेडली तर वेगळाच. अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅबिनेट यांची विभागणी आजही जवळजवळ प्रत्येक उपकरणात दिसते, तिचे मूळ या फरकात आहे.

अ‍ॅम्प्लिफायरचीच नोंद घेण्याची कल्पना बाजारात रुजवली ती जर्मनीच्या ख्रिस्टोफ केम्पर यांनी. अ‍ॅक्सेस व्हायरस या सिंथेसायझरमुळे त्यांचे नाव आधीच परिचित होते. २०११मध्ये त्यांनी प्रोफाइलिंग अ‍ॅम्प्लिफायर जाहीर केला. हे यंत्र खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चाचणीचे ध्वनी सोडते, मायक्रोफोनमधून परत येणारा आवाज तपासते आणि आपल्या अंतर्गत मॉडेलचे गुणधर्म त्याच्याशी जुळवते. ‘प्रोफाइल’ ही संज्ञा या अर्थाने गिटारवादकांत रूढ झाली ती येथून. मायक्रोफोनसह घेतलेली ती स्टुडिओ प्रोफाइल आणि स्पीकरच्या आधीच सिग्नल काढून घेतलेली ती डायरेक्ट प्रोफाइल. स्टुडिओ प्रोफाइलमधून कॅबिनेट वेगळे काढता येते, पण ती विभागणी यंत्राने केलेला अंदाज असते. म्हणून दोन्ही मोजण्या एकत्र करणारी मर्ज्ड प्रोफाइल पुढे आली. खऱ्या कॅबिनेटवर वाजवायचे असेल, किंवा स्वतःच्या आवडीचा इम्पल्स रिस्पॉन्स वापरायचा असेल, तर डायरेक्ट किंवा मर्ज्ड प्रोफाइलच घ्यावी.

पुढचा टप्पा न्यूरल नेटवर्कचा, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचनेचा. २०१६मध्ये कृत्रिम वाणीसाठी मांडलेल्या वेव्हनेट या रचनेवर आधारित ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचे अनुकरण फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केले. हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपी कंपनीचा क्वाड कॉर्टेक्स २०२१मध्ये आणि आयके मल्टिमीडियाचा टोनएक्स २०२२मध्ये बाजारात आला. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांचा न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हा प्रोग्राम तर मुक्तस्रोत असल्याने कोणालाही स्वतःची प्रोफाइल तयार करून वाटणे शक्य झाले. येथे सर्किटचे ज्ञान लागत नाही: काही मिनिटांचा ठरावीक सिग्नल साखळीतून पाठवायचा, बाहेर आलेला आवाज नोंदवायचा आणि या जोडीवर नेटवर्कला शिकवायचे. प्रोफाइलचा महापूर आला तो या सुलभतेमुळे, आणि निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने बिकट झाला तोही त्यामुळेच.

अशा प्रोफाइलसोबत अनेकदा ईएसआर (एरर-टू-सिग्नल रेशो) हा आकडा दिलेला असतो. नक्कल आणि मूळ यांतील फरकाची ऊर्जा भागिले मूळ सिग्नलची ऊर्जा, असे त्याचे गणित आहे, ०.०१ म्हणजे एक टक्का. हा आकडा जितका लहान तितकी नक्कल जवळची. मात्र स्वच्छ आवाजाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आकडा सहज लहान येतो आणि तीव्र डिस्टॉर्शनचा येत नाही, त्यामुळे दोन भिन्न जातींच्या प्रोफाइलची तुलना त्यावरून करणे मला निरर्थक वाटते. शिवाय मूळ साखळीच बेसूर असेल, तर तिची अचूक नक्कलही तशीच बेसूर निघते.

आकड्याहून अधिक महत्त्व मी सिग्नलच्या पातळीला देईन. नोंदणीच्या वेळी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किती व्होल्टेजचा सिग्नल गेला आणि वादकाच्या ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार संगणकाला जोडणाऱ्या उपकरणातून) किती जातो, यांत फरक पडला की तीच प्रोफाइल अधिक बोथट किंवा अधिक कर्कश वाटते, आणि दोष विनाकारण प्रोफाइलच्या माथी मारला जातो. म्हणूनच न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरच्या फायलीत इनपुट पातळी डीबीयू या व्होल्टेजवर आधारित एककात नोंदवण्याची सोय पुढे करण्यात आली. डायरेक्ट प्रोफाइलमध्ये आणखी एक बाब तपासावी लागते: ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज स्पीकरच्या इम्पिडन्सनुसार (विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधानुसार) बदलतो, त्यामुळे नोंद घेताना खरा स्पीकर किंवा रिअ‍ॅक्टिव्ह लोड (विद्युतदृष्ट्या स्पीकरसारखे वागणारे उपकरण) जोडलेला होता, की नुसता रेझिस्टर, यावर खर्ज आणि वरच्या पट्टीतील चमक अवलंबून असते.

नॉबचा प्रश्न मात्र मॉडेलिंगच्या काळात सुटलेला असूनही प्रोफाइलिंगने पुन्हा उभा केला. प्रोफाइल एकाच स्थितीची असल्यामुळे तिचा गेन (सिग्नल किती वाढवायचा याचे प्रमाण) वाढवला तरी मूळ अ‍ॅम्प्लिफायरचा गेन जसा वाढला असता तसे होईलच असे नाही, आणि टोनचे नॉबही बहुधा सर्वसाधारण फिल्टरच असतात. केम्परने २०२३मध्ये लिक्विड प्रोफाइलिंग आणून विशिष्ट अ‍ॅम्प्लिफायरच्या टोन-सर्किटचे आणि गेनचे मॉडेल प्रोफाइलला जोडले, म्हणजे नोंद आणि सर्किटचे गणित या दोन जुन्या वाटा एकत्र आणल्या. ती सोय नसलेल्या उपकरणासाठी एकाच अ‍ॅम्प्लिफायरच्या वेगवेगळ्या गेनवर घेतलेल्या प्रोफाइलचा संच शोधणे, हा तूर्त अधिक भरवशाचा मार्ग आहे.