निळा गणवेश, परका वस्तरा

1872 साली उत्तर इराकमधल्या यझिदी या छोट्या धर्मसमाजाच्या पुढाऱ्यांनी उस्मानी (ऑटोमन तुर्की) सरकारला अर्ज केला. आमची पोरं सैन्यात घेऊ नका, अशी विनंती आणि तिच्या पुष्ट्यर्थ 14 कलमं. यझिदी माणूस निळे कपडे घालत नाही. परक्याच्या चमच्याने जेवत नाही, त्याचा कंगवा किंवा वस्तरा वापरत नाही. सार्वजनिक हमामात जात नाही. सैतानाचं नाव कानावर पडलेलंही त्याला चालत नाही. ही यादी बराकीत उभं राहून वाचली की तिची मेख कळते. गणवेश निळा, जेवणखाण एकत्र, न्हावी एकच, आणि सैतानापासून रक्षण मागणारी प्रार्थना रोजची. अर्ज धर्माचा, पण लिहिणाऱ्याला सरकारी कामकाज पक्कं ठाऊक असावं.

बहुतेक यझिदी कुर्मांजी ही कुर्दी बोली बोलतात. सिंजारचा डोंगर आणि शेखानचा परिसर हे त्यांचे इराकमधले मुख्य मुलूख. देवाने जग सात देवदूतांच्या हवाली केलं, त्यांचा प्रमुख तावूसी मेलेक, म्हणजे मयूर-देवदूत, अशी त्यांची श्रद्धा. शेजाऱ्यांनी त्यालाच सैतान ठरवलं आणि शतकानुशतकं कत्तली केल्या. त्यामुळे तो शब्द टाळण्यामागे भुताखेताची भीती नाही. तो शब्द म्हणजे आपल्या देवदूताला दिलेली शिवी आहे. (मोर आणि दिवे पाहून यझिदींना ‘हरवलेले हिंदू’ ठरवणारे व्हॉट्सॲप संदेश आपल्याकडेही फिरतात. यझिदींना त्यांचं त्यांचं राहू द्यावं.)

माती, पाणी, अग्नी आणि वारा ही तत्त्वं त्यांच्या लेखी पवित्र, म्हणून जमिनीवर, पाण्यात, विस्तवात थुंकायचं नाही. लालिशच्या खोऱ्यात, जिथे बाराव्या शतकातल्या शेख अदींची समाधी आहे, तिथे सगळे अनवाणी फिरतात आणि उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडतात. तिथली माती पवित्र झऱ्याच्या पाण्यात मळून छोट्या गोळ्या करतात, त्यांना ‘बरात’ म्हणतात. त्या घरोघरी जपून ठेवल्या जातात. एप्रिल हा नववर्षाचा महिना. त्या महिन्यात लग्न लावत नाहीत आणि जमीनही खणत नाहीत.

लेट्यूसची भाजी मात्र अभ्यासकांना छळते. ती वर्ज्य का, याची उत्तरं माणसागणिक बदलतात. आरोग्याचं कारण शोधायचा मोह होतो, पण ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी 1966 मध्येच त्याविरुद्ध सावध केलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की जे आपल्या ठरलेल्या जागी नाही तेच अशुद्ध वाटतं, आणि विटाळाचे नियम बहुतेकदा ‘आपण कोण’ याची हद्द आखतात. यझिदींचं आजचं वागणं याला दुजोरा देतं, असं मला वाटतं. जर्मनीत वाढलेली कितीतरी यझिदी मुलं निळी जीन्स घालतात, लेट्यूसही खातात. शेख, पीर आणि मुरीद या तीन जन्मजात वर्गांपैकी आपल्या वर्गाबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न करायचं नाही, हा नियम मात्र सहजी सैल होत नाही. बाहेरून कुणाला धर्मात येताही येत नाही.

3 ऑगस्ट 2014 रोजी ‘इसिस’ने सिंजारवर हल्ला केला आणि 6 हजारांहून अधिक माणसं पळवून नेली, त्यात बहुसंख्य बायका-मुलं. जुन्या रिवाजाने परधर्मीयाशी संबंध, तोही जबरदस्तीचा, किंवा धर्मांतर म्हणजे समाजाचं दार कायमचं बंद. तेव्हाचे सर्वोच्च धर्मगुरू बाबा शेख खुर्तो हाजी इस्माईल यांनी जाहीर केलं, की सुटून आलेल्या मुली आपल्याच आहेत, त्यांना सन्मानाने घरी घ्या. मग त्या लालिशला येऊ लागल्या. एरवी लेकरांना ज्या ‘कानिया स्पी’ म्हणजे पांढऱ्या झऱ्याच्या पाण्याने संस्कार देतात, तेच पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं गेलं.

एवढं झालं तरी हद्द पुरती हलली नाही. एप्रिल 2019 मध्ये धर्मपरिषदेने सुटून आलेल्या सगळ्यांना मुलांसह स्वीकारल्याचं सांगितलं आणि काही दिवसांतच खुलासा केला, की बलात्कारातून जन्मलेली मुलं यात धरलेली नाहीत. इराकच्या कायद्यानुसार मुसलमान बापाचं मूल मुसलमान म्हणूनच नोंदलं जातं. त्यामुळे कित्येक आया मुलांना अनाथालयात सोडून घरी परतल्या, तर काही जणी मुलांपायी माघारी आल्याच नाहीत.