उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं?

पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरताना गाडी न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं, हा सल्ला साताऱ्याकडं अजून हमखास मिळतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडंफार तथ्य होतं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटरनं मोजून इंधन सोडणाऱ्या गाडीत उलटं घडतं: गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा हा कॉम्प्युटर, इंधन तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. वर सगळा भार ब्रेकवर. पॅड तापतात, जळका वास येतो, पेडल दाबूनही गाडी हवी तशी आवरत नाही. काही बहाद्दर तर इंजिनच बंद करतात! मग दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरची मदत संपते, स्टिअरिंगही जड होतं. तीव्र उताराला दुसरा गिअर, फार तर तिसरा.