स्टॅटिन औषधे आणि स्वादुपिंडाचा कर्करोग

स्टॅटिन ही रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे जे रुग्ण ती घेत होते ते अधिक काळ जगले, असे रुग्णनोंदींवर आधारलेल्या अनेक अभ्यासांत आढळते. तो काळ गोळीमुळे वाढला, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

स्टॅटिनचा कर्करोगावर परिणाम होत असावा, या कल्पनेचे मूळ जीवरसायनात आहे. स्टॅटिन यकृतातील एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) रोखतात. या विकरापासून सुरू होणाऱ्या मेव्हॅलोनेट मार्गात कोलेस्टेरॉलबरोबरच प्रथिनांना जोडल्या जाणाऱ्या मेदाच्या काही शेपट्याही तयार होतात. रास कुळातील प्रथिने या शेपट्यांच्या आधारे पेशीपटलाला चिकटतात आणि मगच वाढीचा संदेश देतात. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगात सुमारे ९० टक्के गाठींमध्ये याच कुळातल्या केरास जनुकात बदल असतो, म्हणून ही कल्पना आकर्षक वाटते. पण प्रयोगशाळेत पेशींवर वापरलेली मात्रा नेहमीच्या गोळीने रक्तात येणाऱ्या पातळीपेक्षा बहुधा कितीतरी जास्त असते.

नोंदींवरच्या अभ्यासांतली मोठी चूक काळ मोजण्यात होते. निदानानंतर सहाव्या महिन्यात ज्याला स्टॅटिन सुरू झाले, तो सहा महिने जगलेलाच असतो. दुसऱ्या महिन्यात दगावलेल्याला ती संधी मिळत नाही. त्याची गणना ‘न घेणाऱ्यां’त होते. आजार इतका वेगवान असताना एवढ्यानेही निकाल फिरतो. उपाय असा, की गोळी सुरू होण्याआधीचा काळ ‘न घेतलेला’ म्हणूनच मोजायचा. दुसरी गफलत उलट्या कार्यकारणाची: वजन घटलेल्या, अन्न न जाणाऱ्या रुग्णाची स्टॅटिन आधीच बंद केली जाते, आणि तो लवकर दगावला की ‘न घेणाऱ्यां’त मोजला जातो. मधुमेह आणि त्यावरचे मेटफॉर्मिन यांचाही हिशेब ठेवावा लागतो.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कोरियातील चाचणीत वाढलेल्या आजाराच्या ११४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते. एका गटाला जेमसिटाबिन या केमोच्या औषधासोबत रोज ४० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन, दुसऱ्याला जेमसिटाबिन आणि औषधविरहित गोळी. आजार वाढेपर्यंतचा काळ लांबला नाही, आयुष्यही वाढले नाही. कमी मात्रेची एक छोटी चाचणी सगळ्या शक्यता मिटवत नाही हे खरे; तरीही कर्करोगावरचा उपचार म्हणून स्टॅटिन सुरू करायला आज आधार नाही.

हृदयविकारासाठी आधीपासून चालू असलेली गोळी मात्र रुग्णाने स्वतःहून सोडू नये. पित्तनलिका तुंबून कावीळ झाली असेल तर रक्तातले कोलेस्टेरॉल त्या अडथळ्यानेच वाढते. तो आकडा पाहून स्टॅटिन वाढवणे चूक, आधी अडथळा मोकळा करायचा. सिम्व्हास्टॅटिन व अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन यकृतातील ज्या विकराने विघटित होतात, त्याला बुरशीवरचे इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि केमोच्या उलट्यांवरचे अ‍ॅप्रेपिटंट अडवतात. मग स्टॅटिन रक्तात साठते, स्नायू दुखतात, क्वचित स्नायूपेशी फुटून मूत्रपिंडे निकामी होतात. अंग दुखणे आणि लघवी गडद होणे ही खूण. पण कावीळ असताना लघवी तशीही गडद असते, म्हणून स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या क्रिएटिन कायनेज या विकराची तपासणी करावीच लागते.

आयुष्य काही महिन्यांचेच उरले असेल तर स्टॅटिन थांबवता येते. अशा विविध आजारांच्या ३८१ रुग्णांवरील २०१५ च्या अमेरिकी चाचणीत गोळी बंद केलेल्यांमध्ये ६० दिवसांतील मृत्यू लक्षणीय वाढले नाहीत आणि त्यांचे रोजचे जगणे थोडे सुसह्य झाले.