जर्मनमधली दोन टिंबं

'देवनागरीत जगातला कुठलाही उच्चार लिहिता येतो' हा मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. जर्मन शिकणाऱ्या कुणालाही 'सुंदर'साठीचा जर्मन शब्द देवनागरीत लिहायला सांगा, दावा तिथेच कोसळतो. 'शोन' लिहिलं तर अर्थ होतो 'आधीच'. 'सुंदर' हवं असेल तर त्यातल्या ओवर दोन टिंबं लागतात. याला म्हणायचं ओ-उमलाउट. मग कुणी 'श्योन' लिहितं, कुणी 'शून'. दोन्ही चूक, कारण हा स्वर आपल्या वर्णमालेतच नाही. उच्चारस्थानांनुसार लावलेली आपली वर्णमाला खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. पण ती आपल्या भाषांसाठी घडली, जगभरच्या भाषांसाठी नव्हे.

स्वर ठरतो तो मुख्यतः तीन गोष्टींवर: जीभ किती उंच, जीभ पुढे की मागे, आणि ओठ गोल की पसरट. मराठीत शेवटच्या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. ई, ए म्हणताना जीभ पुढे आणि ओठ पसरट. ऊ, ओ म्हणताना जीभ मागे आणि ओठ गोल. जर्मनमध्ये ही गाठ सुटते. आरशासमोर लांब 'ए' म्हणा. आवाज न तोडता, जीभ तसूभरही न हलवता, फक्त ओठ 'ओ'सारखे गोल करा. ऐकू येतो तो ओ-उमलाउट. 'ई' धरून ठेवून ओठ 'ऊ'सारखे केले की यू-उमलाउट, म्हणजे दोन टिंबांचा यू. 'श्योन' म्हणताना आपण जीभ आधी पुढे नेतो, मग मागे आणतो आणि एका स्वराचे दोन आवाज करतो.

घशापासून ओठांपर्यंतची पोकळी ही हवेची नळी आहे आणि तिला स्वतःचे अनुनाद असतात, म्हणजे काही ठरावीक कंपनसंख्यांचे आवाज ती जास्त घुमवते. पुरुषाच्या आवाजात 'ई'चा (खालून मोजता) दुसरा अनुनाद साधारण 2000 हर्ट्झच्या वर असतो, 'ऊ'चा 1000च्या खाली. ओठ गोल करून पुढे काढले की नळी लांबते, तिचं तोंड अरुंद होतं आणि अनुनाद खाली उतरतो. यू-उमलाउट असा या दोन टोकांच्या मधे बसतो. मराठी कानाला ती जागा ओळखीची नसते, म्हणून तो त्याला 'ई'त किंवा 'ऊ'त ढकलतो. कान असे लहानपणीच घडतात. 1992 साली अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या अमेरिकन आणि स्वीडिश बाळांना इंग्रजीतली 'ई' आणि स्वीडिशमधला यू-उमलाउटसारखा स्वर ऐकवला. आपल्या भाषेतल्या स्वराच्या छटा बाळं एकच धरत होती. परक्या स्वराच्या छटांमधला फरक त्यांना जास्त जाणवत होता.

आणि गंमत म्हणजे 'शोन'ची ही जोडी मुळात एकच शब्द आहे! हजारेक वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये 'सुंदर' हे विशेषण होतं 'स्कोनी', त्याचं क्रियाविशेषण 'स्कोनो'. 'स्कोनी' म्हणताना जीभ शेवटच्या ईची तयारी आधीपासूनच करू लागली आणि ओ उच्चारतानाच पुढे सरकली. ओठ मात्र गोल राहिले. पुढे ती ई झिजून गेली, बदललेला ओ टिकला. 'स्कोनो'त ई नव्हतीच, म्हणून तिथला ओ साधा राहिला आणि त्याचा अर्थ 'छान रीतीने'वरून 'आधीच'कडे गेला. या स्वरबदलाला उमलाउट हे नाव रूढ केलं ते परीकथांमुळे आपल्याला माहीत असलेल्या याकोब ग्रिम यांनी. टिंबं म्हणजे पूर्वी स्वराच्या डोक्यावर लिहायच्या छोट्या रोमन 'e' अक्षराचा अवशेष.

'द्रुकन' म्हणजे छापणं. तेच यू-उमलाउटने म्हटलं तर दाबणं, ढकलणं. हेही मूळचं एकच क्रियापद. त्याचं दक्षिणेकडचं बिनटिंबांचं रूप छपाईला चिकटलं. दुसरं रूप जर्मनीत दारादारांवर लिहिलेलं दिसतं.

ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्याही फसव्या. 'मीट' म्हणजे घरभाडं, 'मिट' म्हणजे मध्य. दोन्हींच्या शेवटी पुसटसा अ. आपण 'दिन' आणि 'दीन' वेगळे लिहितो, पण बोलताना फारसा फरक करत नाही, त्यामुळे इथे घसरतो. लिहिलेल्या जर्मनमध्ये मात्र खूण सोपी आहे: स्वरानंतर तेच व्यंजन दोनदा आलं की तो स्वर ऱ्हस्व.